बाबांची खुर्ची

आज परळच्या हॉस्पिटलात बाबांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, काढला. रक्ताच्या कॅन्सरसाठी ते वर्षभर रोज कायनेज नावाची प्रथिनं रोखणारी गोळी घेतायत.

डॉक्टर म्हणाल्या, "कॅन्सर आटोक्यात आहे. पण या गोळीने हृदयाच्या पेशींतली कॅल्शियमची ये-जा बिघडलीय, हृदय नीट आकुंचन पावत नाही. गोळी थांबवावी लागेल. जिना चढताना दम लागत नव्हता?"

बाबा म्हणाले, "मी जिना चढतोच कुठे, मॅडम?"

खरंय. कॅन्सर कळल्यापासून काळाचौकीच्या आमच्या चाळीत शेजारीच त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेतात. आणि दर तपासणीला मी मूर्खासारखा सांगायचो, "दम अजिबात लागत नाही."

परत आलो तर शेजारी खुर्ची घेऊन खाली उभेच. "काका, बसा."

बाबा बसले. मीही खुर्चीला हात लावला. या खुर्चीमुळेच दम लागणं कळलं नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलं असतंत?