उतावळ्या शब्दाचं मूळ

निजामाच्या अमलात मानवतच्या शाळेत कल्याणराव इंग्रजी शिकवायचे. चहा उकळेपर्यंतसुद्धा या माणसाला दम निघायचा नाही! एका सकाळी ते शाळेतून पळतच घरी आले. बायको गंगम्मा गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलेली. पूजा आटपेपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. हे दारातच येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी तिनं डोळे उघडले.

"अगं, उतावळ्याला इंग्रजीत 'इंपेशंट' म्हणत्यात. त्याचं मूळ घावलं! शब्द लॅटिनातनं आलाय. ज्याला सोसवत न्हाई, तो इंपेशंट! म्हंजे मीच की!"

गंगम्मानं लिंग पुन्हा गळ्यात घातलं.

"वा! जल्मभर सोसायचं म्या, आन् शब्द तुमच्या नावाचा?"