विवेचक आणि माझा फॉर्म

दौंडच्या आमच्या शाळेत बीजगणिताच्या मास्तरांना समीकरण सोडवायचा मनापासून कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला त्यांनी शास्त्राचं रूप दिलं होतं. वर्गसमीकरण फळ्यावर आलं की म्हणायचे, "आधी विवेचक काढा." ब वर्ग वजा चार अक. धन आला तर दोन मुळं, शून्य आला तर दोन्ही सारखी, उणे आला तर वास्तव मुळंच नाहीत. मग खडू खाली ठेवायचा. उणे आला की त्यांचा चेहरा खुलायचा.

हीच रीत ते मुलांनाही लावत. वडलांचं काम, थोरल्या भावाचे मार्क आणि हस्ताक्षर पाहून पोर मॅट्रिक होणार की नाही, हे ते जूनमध्येच सांगत. मी रेल्वेत सिग्नल ओढणाऱ्या केबिनमनची मुलगी, भाऊ नापास, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझा निकाल लागलेलाच होता.

वडील चौथी शिकलेले, पण विवेचकावर त्यांचा भारी जीव. मी घोकत असताना म्हणाले, "म्हंजी लाइन क्लिअरच की ही! फुडची लाइन मोकळी हाय का इचारल्याबिगर गाडी सोडायची न्हाई." मास्तर त्यांना एकदम आपल्यातलेच वाटू लागले.

प्रिलिमला गणितात पस्तीस लागत, मला तेहतीस पडले. नापासांचा एस.एस.सी.चा फॉर्म शाळा भरत नसे, आणि शाळा सुटलेली मुलगी पुढच्या उन्हाळ्यात बोहल्यावर चढायची, हे रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

पेपरात एक समीकरण होतं: दोन क्ष वर्ग अधिक तीन क्ष वजा पाच बरोबर शून्य. मी मुळं काढली होती एक आणि वजा अडीच. त्यावर लाल फुली, शेजारी शेरा: "नऊ वजा चाळीस. मुळे वास्तव नाहीत." शेवटचा पाच उणे आहे, म्हणून चाळीस मिळवायचे, हे मास्तर विसरले होते. विवेचक उणे दिसल्यावर खालचं वाचायची त्यांना गरजच पडली नव्हती.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "ते चिन्हाचं मला कळत न्हाई. तुझं उत्तर खरं हाय का, तेवढं दाव." मी क्षच्या जागी एक घालून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीच्या कपड्यांतच मास्तरांसमोर उभे राहिले. "मास्तर, दोन आन् तीन पाच. पाचातनं पाच गेलं, ऱ्हायलं काय? गाडी फलाटावर उभी हाय, आन् तुम्ही म्हणताय गाडीच न्हाई."

मास्तरांनी लाल फुली खोडली. मग दोन मार्क वाढवले. "फॉर्म भरतो," ते म्हणाले, "पण उपयोग व्हायचा नाही."

मी पास झाले. पुढे शिरूरच्या एका मुलींच्या शाळेत बीजगणित शिकवू लागले. दर वर्षी फॉर्मच्या वेळी हेडमास्तर यादी पुढे सरकवत विचारायचे, "बाई, यातल्या कुणाचे भरायचे नाहीत?" मी अक्षर आठवायची, घर आठवायची आणि पेन्सिलीनं खुणा करायची. पाच मिनिटांत काम उरकायचं, म्हणून ते माझं कौतुक करत. आज त्याची लाज वाटते. त्या पोरींचे पेपर मी पुन्हा कधी उघडले नाहीत, आणि कुणाचे वडील येऊन माझ्यासमोर उभे राहिले नाहीत.