टँकरच्या मागे मागे

चहा संपेपर्यंत हसू आवरा म्हणजे झालं. एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही!

दुष्काळाचं साल होतं. तालुक्याच्या सहकारी दूध संघात कारकुनाची एकच जागा निघाली. मुलाखत अकराला. माझी वयाची मर्यादा त्याच महिन्यात संपत होती. ही गेली की कायमची गेली.

बायकोने पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री करून दिली. म्हणाली, "गुमान एष्टीनं जावा."

पण मी कसला ऐकतो? तेलगावपासून पुढचा सगळा रस्ता खोदून ठेवलेला. एसटीच्या खिडक्यांना काचा नाहीत, उतरणारा माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. काळीपिवळीत मागे बसलं की तिचाच धूर आपल्या नाकात. मी मोटारसायकल काढली.

आणि नशीब बघा, पुढेच पाण्याचा टँकर! सगळीकडून गळका. मागचा रस्ता ओलाचिंब, धुळीचा कण नाही. मी जो त्याच्या मागे चिकटलो!

धूर मात्र थेट तोंडावर. डोळे चोळत चोळत टँकर वळेल तिकडे मी वळलो. शेवटी तो थांबला, बघतो तर अनोळखी वस्ती आणि घागरींची ही लांब रांग!

टँकरमागे मोटारसायकलवर येतो तो तपासणीचा साहेब, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका मावशीने गाडीची चावीच काढून घेतली.

"चार दिस टँकर काहून न्हाई आला, सायब?"

"मावशी, मी सायब न्हाई. मुलाखतीला चाललोय!"

"मंग टँकरमागं काय तीर्थ घ्यायला आलाव? समद्यांच्या घागरी भरल्या की चावी मिळंल."

धूळ चुकवायला आलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटच्या दहा घागरी कोरड्याच राहिल्या. त्यांचं पाणी रस्त्यावर सांडताना मी खुशीत बघत आलो होतो. लई लाज वाटली हो! टँकरच रिकामा झाला म्हणून मावशीने चावी दिली, तेव्हा दीड वाजला होता.

संघाच्या दारात शिपाई बसलेला. "मुलाखत कवाच झाली," तो म्हणाला. "जागा भरली. एष्टीनं आलता एक जण, धुळीनं पांढराफेक."

मी मटकन पायरीवर बसलो. टँकरच्या धुराने काळ्याकुट्ट झालेल्या माझ्या तोंडाकडे बघून त्याला दया आली असावी.

"दूध तापवायच्या बॉयलरवर एक जागा हाय. अनुभव लागतो, पर तुमचा तर तोंडावरच दिसतोय."

मी ताडकन उठलो. "कुणाला भेटू?"

"भेटून काय करता? दूधच येत न्हाई. बॉयलर कालच बंद झाला."