भिंतीवरची भरती

होळीच्या पौर्णिमेची खरी भरती मी खोटी ठरवली आणि त्यापायी एका माणसाचं काम गेलं. चूक माझी होती. ती कळायला एक पावसाळा गेला, आणि कबूल करायला मी आणखी दिवस लावले.

मी नंदुरबारचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीमुळे. किनाऱ्यावरच्या केंद्रांमधून पाण्याच्या उंचीची मापं आमच्या विभागीय कार्यालयात येतात. ती तपासून देशाच्या मुख्य केंद्राकडे पाठवणं हे माझं काम. ऐकायला रुक्ष वाटतं. पण आमची, शेजारच्या राज्याची आणि मुख्य केंद्राच्या यंत्रांची मापं एका नकाशावर आली की भरती दक्षिणेकडून वर सरकताना दिसते, गाव-गाव घेत, ठरल्या वेळी. इतक्या वर्षांनंतरही ते पाहताना माझा हात थांबतो.

अडचण एवढीच, की प्रत्येकाचं शून्य वेगळं. पाण्यात रोवलेला आमचा मोजणीचा खांब जिथून मोजतो तिथून त्यांचं यंत्र मोजत नाही. दोन्ही जुळवायला मोठ्या उधाणाची मापं लागतात, एकाच वेळी दोन्हीकडे घेतलेली.

आमच्या एका खाडीवरच्या केंद्रात माझ्याच जिल्ह्यातल्या डोंगरातला, मोलगीकडचा एक माणूस निरीक्षक होता. हंगामी नेमणूक, खांबाशेजारीच खोली, सोबत बायको. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर पाणी कुठवर आलं ते पाहायचं आणि वहीत लिहायचं.

त्या वर्षी होळीला मी रजा घेऊन पाहुण्यांना तिकडच्याच डोंगरात, काठी गावची होळी दाखवायला नेलं. पहाटे होळी पेटली. मागे पश्चिमेला पूर्ण चंद्र मावळत होता. गर्दीत मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं, अंगावर राखेचे ठिपके अशा वेषात आमचा निरीक्षक समोर आला. होळीचा नवस केला होता. मला पाहून हसला.

"साहेब, आठे दर्या नही शे. आते तरी नाचा."

इथे समुद्र नाही, हे ऐकून मीही हसलो. कार्यालयात परतल्यावर त्याची वही आली. होळीच्या चारही दिवसांची मापं भरलेली, खाली त्याची सही, सगळं एका शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखं. मी त्याला बोलावलं.

"तू काठीला होतास. मी डोळ्यांनी पाहिलं."

"व्हतू ना, साहेब. नवस करेल माणूस आंघोळसुद्धा करत नही, मंग पानीवर कसा जासू? मन्ही बायकोनी मोजं. भिंतवर रेघा शेतस, त्या देखीसन मी वहीमा लिखं. या अन् देखी ल्या."

"तिला लिहिता येतं?"

"लिहता नही येत. मोजता येस."

खोली दोन तासांच्या वाटेवर होती. मी गेलो नाही. वहीला भिंत जोडता येत नाही, असं काहीसं बोललो. चार दिवसांवर लाल रेघ मारली, केंद्रापुढे 'अविश्वसनीय' लिहिलं. महिन्याभरात त्याची नेमणूक संपवली गेली. दोघं डोंगरात परतली. नकाशावर त्या खाडीच्या जागी रिकामं वर्तुळ उरलं.

पावसाळ्यानंतर मुख्य केंद्राने त्या खाडीत बसवलेल्या यंत्राची जुनी नोंद पाठवली आणि शून्य जुळवायला सांगितलं. दोन्हीकडची मोठी उधाणं हवी होती. माझ्याकडे एकच होतं, लाल रेघेखालचं. मी ते यंत्राच्या नोंदीशेजारी ठेवलं. दोन्हींत वीतभर फरक होता. पुढच्या भरतीतही वीतभर. ओहोटीतही तेवढाच. चार दिवस, प्रत्येक वेळी तोच फरक, म्हणजे फक्त दोन शून्यांमधला. खोटं लिहिणाऱ्याला इतकं अचूक खोटं साधत नाही.

तेव्हा मी ती खोली पाहायला गेलो. कुलूप काढलं. आतल्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या आडव्या रेघा होत्या. खांबाच्या दर पट्टीला एक पूर्ण रेघ, अर्ध्या पट्टीला अर्धी. प्रत्येक भरतीचा एक ढीग. त्याच्या बाजूला ओहोटीचे ठेंगणे ढीग. मी त्या एकेक मोजल्या. पहाटे काठीला मी जो चंद्र पाहिला, त्याने ओढलेलं पाणी या बाईने इथे एकटीने उतरवून घेतलं होतं, आणि पडद्यावरच्या माझ्या नकाशाहून ते तसूभरही उणं नव्हतं.

मी वर लेखी कबुली दिली. नेमणूक परत मिळाली. या वेळी निरीक्षक म्हणून दोघांचीही नोंद झाली, आणि तिने भिंतीवर घेतलेलं माप चालेल असंही लिहिलं गेलं. तो कागद टपालाने पाठवता आला असता. बाजाराच्या दिवशी जीपने मोलगीला गेलो, तिथून त्यांच्या पाड्यापर्यंत चालत.

त्याने खाट टाकली. मी सगळं सांगितलं. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. तो खाली बघून हसला.

"काय म्हणते?"

"म्हनस, समुद्रले तरी कोनी कामवरथून काढं नही ना?"

मला हसू आलं नाही. मी खाटेवरून उठलो आणि कार्यालयाची भाषा बाजूला ठेवून माझ्या घरच्या बोलीत म्हणालो, "ताई, तुमनं माप खरं व्हतं. मी देखाले उनू नही, ही मन्ही चूक. माले माफ करा."