नेई ब्वेना नाही म्हणाली

आमच्या शेजारच्या नेई ब्वेनाला, म्हणजे ब्वेनाबाईला, नाही म्हणता येत नाही, असं मी पंचवीस वर्षं गावभर सांगत आलो. सांगणारच. माझं निम्मं घर तिच्याकडून आलेलं आहे.

पॅसिफिक समुद्रातल्या आमच्या किरिबास बेटांवर समोर येऊन बसून कुणी बुबुसी केली, म्हणजे 'तुझं अमुक मला दे' असं तोंडाने मागितलं, की देऊन टाकायचं. नाही म्हणणाऱ्याला नंतर गावात मान वर करून चालता येत नाही. बाकीचे आम्ही हुशार. पाहुणा दिसला की मी माझं चांगलं जाळं छपरात खुपसतो. ब्वेनाचं सगळं उघड्यावर. तिचं शिलाई मशीन तीन गावं हिंडून आलं, तेव्हा त्याची सुई बदलली होती आणि चाक मोडलं होतं. ती म्हणाली, "बघ, प्रवास मानवला नाही बिचाऱ्याला." नवरा वारला त्या वर्षी त्याची होडीसुद्धा कुणीतरी मागून नेली. म्हणजे मीच.

तर गेल्या महिन्यात आमच्या मनेआबात, गावाच्या त्या मोठ्या छपराखाली, मोठ्या देशाचे पाहुणे आले. या समुद्रातल्या देशांच्या मंडळाची नवी घडी बसवायची आहे म्हणे. यापुढे लहान देश, मोठा देश असा भेद नाही, सगळ्यांचं मत सारखं. त्यासाठी गावोगावी फिरून संमती गोळा करत होते. आमच्या गावाची संमती द्यायचं काम बायकांच्या मंडळाकडे होतं आणि मंडळाची प्रमुख ब्वेना.

मुख्य पाहुण्याचं नाव लांबलचक होतं, म्हणून डोक्यावरची टोपी बघून मी त्याला तिथल्या तिथे 'टोपीवाला' करून टाकलं. माणूस वाईट नव्हता. चटईवर मांडी घालून बसला, टोपी काढून फुलांचा मुकुट चढवून घेतला, आमच्या रीतीप्रमाणे मानेला पावडर फासून घेतली, तीन वेळा भात घेतला. मग कागद वाचून दाखवला. सरकारी दुभाषी इओएरा आमच्या भाषेत सांगत होता. सगळं गोड गोड. फक्त सारख्या मताचं कलम आलं तेव्हा त्यात 'टप्प्याटप्प्याने' असं होतं.

"हा शब्द ओळखीचा आहे," ब्वेना माझ्याकडे वळून म्हणाली. मोठ्यानेच. "समुद्राची भिंत पण टप्प्याटप्प्यानेच बांधणार होते ना रे?"

आठ वर्षांपूर्वी असेच दुसरे पाहुणे येऊन जेवून गेले होते. भिंतीचा पहिला टप्पा झाला, शाळेच्या अलीकडे संपला. दुसऱ्या टप्प्यात ब्वेनाचा बाबाईचा खड्डा येणार होता. बाबाई म्हणजे अळूचा थोरला भाऊ, गोड्या पाण्याशिवाय जगत नाही. तिच्या सासूच्या सासूने खणलेल्या त्या खड्ड्यात आता मीठ पिकतं.

"ताई, आधी संमती द्या, शंका मागाहून लिहून कळवा," इओएरा म्हणाला.

"तुझ्या साहेबाला उशीर होतोय का? विमान परवा आहे. भात घे अजून."

सगळे हसले. टोपीवाला पण हसला, आणि मग त्याने डाव टाकला. सरळ ब्वेनासमोर येऊन बसला, आणि आमच्या भाषेत, पाठ केलेल्या उच्चारात म्हणाला, "नेई ब्वेना, मी बुबुसी करतो. तुमची संमती मला द्या."

इओएरा छपराकडे बघू लागला. चोरा, शिकवलं कुणी ते कळलं! ब्वेना कधी नाही म्हणत नाही ही बातमी राजधानीपर्यंत गेली होती. कशी गेली, कुणाच्या तोंडून, त्यात मी शिरत नाही.

गावातला सगळ्यात वडील माणूस, म्हातारा कायेआ, हळूच म्हणाला, "पोरी, मागितलंय. द्यावं लागतं."

ब्वेनाचं नाव पणाला लागलं होतं. साठ वर्षांचं नाव होतं ते. दिलं तर गावाचं तोंड बंद, नाही दिलं तर तिचं.

"देते," ती म्हणाली. टोपीवाल्याने पेन पुढे केलं. "पण थांब. तू आता आमच्यातला झालास, बुबुसी केलीस. मग मी पण करते. मला एक तारीख दे."

"तारीख?" इओएराने विचारलं.

"सारखं मत कधी मिळणार त्याची. वर्ष चालेल. दहा वर्षांनंतरचं दे, कुरकुर करणार नाही. तुझ्या हाताने त्या कागदावर लिही."

इओएराने तीनदा घसा खाकरून ते त्याला सांगितलं. टोपीवाल्याचा चेहरा उतरला. "ते माझ्या हातात नाही. आमच्या राजधानीला विचारावं लागेल."

"माझं मशीन गेलं, होडी गेली, मी कुठल्या राजधानीला विचारलं?" ती मला बघून म्हणाली. मी भाताकडे बघितलं. "ऐक बाबा. ज्याच्याकडे उलट मागता येतं, त्याचीच बुबुसी. तुझ्याकडे मागता येत नाही. तेव्हा तुझी ती बुबुसी नव्हेच, ते नुसतं मागणं. आणि नुसत्या मागण्याला मला उत्तर देता येतं." मग ती उठून उभी राहिली. "नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. कायेआ दाढी खाजवत म्हणाला, "बरोबर आहे. जेवण वाढा." कागद सहीशिवायच परत गेला. राजधानीत आमच्या गावाला आडमुठं म्हणतात असं ऐकतो. म्हणोत.

मला वेगळीच काळजी लागली. बाईला नाही म्हणायची गोडी लागली तर माझं कसं व्हायचं? दुसऱ्या दिवशी मी तिच्या चटईवर जाऊन बसलो. "ताई, बुबुसी करतो. तो लाल कोंबडा दे."

"ने की," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. "आणि आता मी करते. नवऱ्याची होडी दे."

मी राजधानीला विचारतो म्हणणार होतो. तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि होडी आणायला उठलो. होडी आता तिच्या दारात उभी आहे. कोंबडा माझ्याकडे आहे, आणि तो साला पहाटे तिकडेच जाऊन आरवतो.