बर्फातलं रक्त

मालती गेल्याचा फोन आला तेव्हा सांगणाऱ्यानं एका दमात तिच्या गोड स्वभावाचं कौतुकही उरकून घेतलं. मालती आणि गोड... शोकसभेतही तेच. रक्ताच्या अर्धवट भरलेल्या नळ्या ती परत धाडायची म्हणून जे डॉक्टर पाठीमागे तिला ‘चक्रम बाई’ म्हणायचे, तेच पुढच्या रांगेत बसून ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’ असले शब्द वाटत होते. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. कोल्हापुरात तिची रक्ततपासणीची लॅब होती आणि रक्त न गोठण्याचे आनुवंशिक दोष शोधणं हा तिचा खास विषय. बेपर्वाईनं काम करणाऱ्यांची तिला किळस यायची. मला त्या सभेची आली.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं, अश्विनीचं, वारणानगरच्या एका घरात लग्न ठरलं होतं. दाढ काढल्यावर तिचं रक्त लवकर थांबेना, एवढं निमित्त झालं आणि होणाऱ्या सासऱ्यांनी तपासणीचा हट्ट धरला. गृहस्थ डेअरीत सुपरवायझर. तिकडच्याच दवाखान्यात रक्त काढायला लावून ते स्वतः शहरातल्या कुठल्याशा लॅबमध्ये घेऊन आले, आणि तिथल्या शहाण्यांनी काही न विचारता ठेवूनही घेतलं. रिपोर्ट आला, जन्मजात दोष आहे. सासऱ्यांनी आम्हाला सांगायच्या आधी साऱ्या नात्यागोत्यात ती बातमी पोचवली. माझ्या बहिणीनं अंथरूण धरलं. शेवटी मी अश्विनीला घेऊन मालतीकडे गेलो. सासरेही आले, आपलंच खरं करायला.

मालतीनं रिपोर्ट हातातही घेतला नाही. रक्त कसं आणलं, एवढंच विचारलं.

“बर्फात घालून की. एकदम ताजं,” सासरे रुबाबात म्हणाले.

“पावणं, दूध न्हाय हे. बर्फात ठेवलं की जे मोजायचं तेच कमी भरतंय.”

तिनं स्वतः रक्त काढलं, लगेच तपासलं. खात्रीसाठी काही आठवड्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. दोन्ही वेळा दोष नाही. सासऱ्यांचा चेहरा असा खुलला, जणू पोरगी यांनीच बरी केली. आता तारीख धरायला हरकत नाही म्हणाले.

“आणि दोष असता तर?” अश्विनीनं विचारलं.

“मग अवघडच झालं असतं की.”

“मग मलाबी न्हाय जमायचं.”

मालतीनं चहा मागवला. तीनच कप. पावणे उभे होते.

शोकसभेनंतर अश्विनी मला लॅबमध्ये घेऊन गेली. खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. घाबरलेल्या माणसाचं रक्त मालती घेत नसे. भीतीनंही आकडे बदलतात म्हणायची. नातेवाइकांना बाहेर काढून पेशंटला ती त्या खुर्चीत बसवून ठेवायची, श्वास शांत होईपर्यंत. अश्विनी तिथं जाऊन बसली. लॅब बंद करायची वेळ झाली होती. मी निघूया म्हणालो, तर ती हुंदके देत तिथंच बसून राहिली... मालती असती, तर तिनं अजून सुई हातात घेतली नसती.