क्वचित

औषधाची पुडी तो लगेच हातात देत नसे. पैसे घेई, पुडी काउंटरवर ठेवी आणि तिच्यावर पंजा दाबून म्हणे, "सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको." पंजा उचलेपर्यंत गिऱ्हाईक त्याच्या ताब्यात असे.

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात होतो आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडून नेत असे. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कुणाला बरं करणं त्याच्या हातात नसतं. घाबरवणं असतं, आणि तेवढं तो मन लावून करतो.

खोक्यातली इंग्रजी चिठ्ठी तो गिऱ्हाइकाला मराठीत सांगे. एकदा मी ती मागून घेऊन वाचली. प्रत्येक त्रासाच्या आधी एक शब्द छापलेला होता. क्वचित मळमळ, क्वचित चक्कर. हा शब्द तो गाळत असे.

"क्वचित म्हटलं की माणूस कान देत नाही," त्याने खुलासा केला.

बातमीतून 'कथित' गाळणाऱ्याला आमचे संपादक दारात उभं करत नसत. इथे त्याच कामगिरीवर लोक याला डॉक्टर म्हणत.

एका सतार बनवणाऱ्याला त्याने हात थरथरतील असं सांगितलं. थरथरले. सतारीचे पडदे बांधायचं काम अडून राहिलं. पुढे कितीतरी दिवस दुकानदार हे गिऱ्हाइकांना ऐकवत होता. "बोललो तसं झालं की नाही?" सतारवाल्याचं पुढे काय झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग कवठे महांकाळकडचा, फौजेतून निवृत्त झालेला एक हवालदार आला. त्याला क्षय झाला होता. सोबत बायको होती. गोळ्या वर्षभर घ्यायच्या, खंड पडला तर जिवाशी गाठ, असं दवाखान्यात बजावलेलं होतं. पुडीवर पंजा पडला.

"हातापायांना मुंग्या येतील. मग चालणं जाईल. सांगून ठेवतो."

हवालदार हसला. "पाय गेल्यावर फौजेतल्या माणसाचं रायलं काय वो?"

पुढच्या खेपेला मी काउंटरपाशी असताना बायको एकटीच आत आली.

"आवं डॉक्टर, काय सांगून बसलासा ह्यास्नी? यष्टीत बसलो आन् पायाला मुंग्या! गोळी अजून पुडीतच व्हती!"

"येतातच मुंग्या."

"न खाताच?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"गोळीला हात लावंना झाल्यात. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी लय समजावलं, तर त्यास्नीच म्हणत्यात, दुकानदार खरं बोलला, तुमी लपवताय. भाईर टांग्यात बसल्यात. समद्यास्नी हुईत न्हाई, एवढं तुमी सांगा. तुमचंच ऐकत्यात."

"छापलेलं मी कसं मोडू? उद्या आल्या मुंग्या, तर जबाबदार कोण?"

"छापलेलं क्वचित आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "माझं काम सांगायचं."

टांगा दुकानासमोरच उभा होता. दुकानदार काउंटरच्या बाहेर आला नाही.

उन्हाळ्यात ती बाई पुन्हा आली, मोकळ्या कपाळाने. गोळ्यांची पुडी तशीच बांधलेली होती. ती तिने काउंटरवर ठेवली.

"औषध परत घेत नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी सांगून ठेवलं होतं."

"व्हय. सांगितलंसा."

पुडी तिथेच टाकून ती गेली. या वेळी तिच्यावर पंजा पडला नाही. मी आईच्या गोळ्या दुसरीकडून घेऊ लागलो.

पुढे काही वर्षांनी दवाखान्यातल्या एका बातमीसाठी गेलो असताना तो मला वॉर्डात दिसला. छातीचं दुखणं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नर्सने दिलेली गोळी त्याने मुठीत धरून ठेवली होती आणि उशाखालून चिठ्ठी काढून तो कुणी वाचून दाखवेल का, ते पाहत होता. मी ती मराठीत वाचली, काही न गाळता. क्वचित मळमळ. क्वचित छातीत धडधड.

"तो शब्द पुन्हा वाचा," तो म्हणाला.

"कुठला?"

"पहिला."

मी वाचला.

"तसंच छापलंय ना?"

मी हो म्हणालो. त्याने पंजा उघडला. गोळी घामाने विरघळायला लागली होती.